पोलादावरचा लेप

२६ जुलै २००५ च्या पावसानं मुंबई बुडाली. दुसऱ्याच दिवशी मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात, 'मुंबई हाय'च्या उत्तर भागातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मला आग लागली. 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या हाताची बोटं कापली होती. हवामान इतकं खराब होतं की हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला प्लॅटफॉर्मवर पोचवण्यासाठी जहाजच जवळ आणलं गेलं. उसळत्या लाटांनी ते प्लॅटफॉर्मकडे लोटलं आणि वायू वाहून नेणाऱ्या एका उभ्या नळाला त्याची धडक बसली. नळ फुटला, वायू पेटला, शेजारचे नळ तापत गेले आणि तेही फुटले. सुमारे दोन तासांत सात मजली प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. पाण्याबाहेर उरले ते फक्त त्याच्या पायांचे खुंट. तिथं असलेल्या ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ गेली.

हा प्लॅटफॉर्म पोलादाचा होता. पोलाद लाकडासारखं पेट घेत नाही. ते वितळायला सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि तेल-वायूची आग साधारण हजार-अकराशे अंशांच्या घरात असते. म्हणजे ते जळलंही नाही आणि वितळलंही नाही. तरीही हजारो टनांचा सांगाडा दोन तास उभा राहू शकला नाही. अशा दोन तासांचे तीन, एका तासाचे दोन कसे करता येतील, किंवा निदान पंधरा मिनिटांचा एक तास कसा करता येईल, याच प्रश्नाभोवती अभियांत्रिकीची एक अख्खी शाखा उभी राहिली आहे. तिची साधनं दिसायला साधी आहेत. कुठे रंगाचा थर, कुठे फवारलेला गिलावा, कुठे जिप्समची पाटी. पण त्यांच्यामागचं शास्त्र आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले जीव यांचं मोल फार मोठं आहे.

पोलाद तापलं की नरम होतं. लोहाराच्या भात्यासमोर उभं राहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. इमारतीच्या बाबतीत मात्र किती तापल्यावर किती नरम होतं, याचा आकडा लागतो. पोलादी बांधकामासाठीचं भारतीय मानक आयएस ८००, २००७ सालच्या आवृत्तीत, यासाठी एक सोपं सूत्र देतं. २१५ अंशांपर्यंत पोलादाची ताकद पूर्ण धरायची. त्यापुढे ९०५ मधून तापमान वजा करायचं आणि उरलेल्या संख्येला ६९० नं भागायचं. ५६० अंशांना उत्तर येतं बरोबर निम्मं. ७०० अंशांना जेमतेम तीस टक्के. ९०० च्या आसपास जवळजवळ शून्य. आता हे बघा की इमारतीचा खांब नेहमीच्या दिवशी आपल्या पूर्ण ताकदीनं काम करत नसतो. सुरक्षिततेसाठी त्याच्यात राखीव ताकद ठेवलेली असते आणि आगीच्या वेळी त्याच्यावर साधारण निम्मा भार असतो. म्हणून अभियंते ५५० अंशांच्या आसपासच्या तापमानाला धोक्याची रेषा मानतात. तिथं राखीव ताकद संपते आणि भार व ताकद एकमेकांना भिडतात.

त्या रेषेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो? जगभरच्या प्रयोगशाळा भट्टीत एक ठरावीक आग पेटवून हे तपासतात. आपल्याकडे त्यासाठी आयएस ३८०९ हे मानक आहे. या प्रमाण आगीत भट्टीचं तापमान पाच मिनिटांत ५७५ अंशांच्या पुढे जातं, अर्ध्या तासात ८४० च्या वर आणि एका तासात ९४५ च्या आसपास. अशा भट्टीत उघडी, पातळ पोलादी तुळई दहा-पंधरा मिनिटांत ५५० ला पोचते. जाड खांब थोडा जास्त टिकतो. कारण साधं आहे. उष्णता पृष्ठभागातून आत शिरते आणि ती मुरवायची असते आतल्या वस्तुमानाला. दहा मिलिमीटर जाडीची पट्टी दोन्ही बाजूंनी तापली, तर तिचा तापणारा परिघ भागिले छेदाचं क्षेत्रफळ हे गुणोत्तर दर मीटरला २०० येतं. चाळीस मिलिमीटरच्या पट्टीसाठी ते ५० च असतं. पहिली पट्टी दुसरीच्या साधारण चौपट वेगानं तापते. लेप किती जाड लावायचा हे ठरवताना अभियंता सर्वांत आधी हाच आकडा काढतो. म्हणून एकाच इमारतीत बारीक आडव्या तुळईवर जाड थर आणि भक्कम खांबावर पातळ थर, असं चित्र दिसतं.

नरम होण्याच्या बरोबरीनं पोलाद वाढतंही. दहा मीटरची तुळई पाचशे अंशांनी तापली, तर ती सहा ते सात सेंटिमीटर लांब होऊ पाहते. दोन्ही टोकांना ती खांबांत अडकलेली असते, जायला जागा नसते. मग एक तर ती मधून वाकते, नाही तर खांबाला बाहेर ढकलते. जळून गेलेल्या गोदामांच्या बातम्यांमधल्या छायाचित्रांत छताच्या कैच्या पिळवटलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. त्यातला बराच पीळ या अडलेल्या वाढीचा असतो.

हे ज्ञान किंमत मोजून आलं. एकोणिसाव्या शतकात लोखंड जळत नाही म्हणून लोखंडी इमारत आगीला पुरून उरेल, अशी समजूत होती. इंग्लंडमध्ये गिरण्या आणि गोदामं बिडाच्या खांबांवर उभी राहू लागली आणि त्यांना 'अग्निरोधक' म्हटलं जाऊ लागलं. लंडनच्या अग्निशमन दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड यांना हे पटत नव्हतं. तापलेलं बीड भाराखाली अचानक दगा देतं आणि त्यावर गार पाणी पडलं तर तडकतं, हे त्यांनी पाहिलं होतं. अशा इमारतींबद्दल त्यांनी जाहीर इशारे दिले. २२ जून १८६१ रोजी लंडनमधल्या टूली स्ट्रीटवरच्या गोदामांच्या प्रचंड आगीत भिंत अंगावर कोसळून त्यांचाच मृत्यू झाला.

त्याच दशकात मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेल उभं राहिलं, आज ज्याला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात ते. त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजानं आणला होता आणि इथं जोडला. रोलँड मेसन ऑर्डिश हे त्याचे अभियंता. ल्यूमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा १८९६ साली याच इमारतीत दाखवले गेले. त्या काळात लोखंडी सांगाडा दर्शनी भागात उघडा ठेवणं हे आधुनिकतेचं लक्षण होतं. त्यावर आगीसाठी काही लेप असावा, हा विचार तेव्हा रुजलेला नव्हता.

विचार बदलला तो अमेरिकेत. १८७१ च्या आगीत शिकागोचा मोठा भाग भस्मसात झाला. नव्यानं शहर उभारताना तिथल्या बांधकाम करणाऱ्यांनी लोखंडी खांबांना आणि तुळयांना भाजलेल्या मातीच्या पोकळ विटांचं आवरण घालायला सुरुवात केली. पुढे विटांची जागा काँक्रीटनं घेतली. काँक्रीटमधून उष्णता फार हळू जाते. पोलाद त्याच्या कित्येक पट वेगानं उष्णता वाहून नेतं. काँक्रीटमधलं पाणी आधी उकळून जावं लागतं, तोवर आतलं पोलाद शंभर अंशांच्या आसपास थांबतं.

मातीनं आग थोपवण्याची ही कल्पना शिकागोपेक्षा कितीतरी जुनी आहे. पालघर जिल्ह्यात मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यात, जव्हारच्या डोंगरपट्ट्यातल्या पाड्यापाड्यांवर, ती अजूनही घराच्या भिंतीत दिसते. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधून कुड उभा करायचा आणि त्याला दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि भाताचं तूस यांचा गिलावा द्यायचा. याच भिंतीवर वारली घरांत गेरू सारवून तांदळाच्या पिठानं चित्रं काढली जातात. वाळलेली कारवी ही उत्तम जळण आहे. ती उघडी ठेवली तर ठिणगी पुरे. पण मातीच्या थराखाली तिला हवा मिळत नाही. लिंपणात मुरलेला ओलावा आधी वाफ होऊन निघून जावा लागतो आणि कोरड्या मातीतून उष्णता हळूहळू झिरपते. लाकूड कोळसायला साधारण ३०० अंश लागतात. भिंतीच्या आतल्या काठ्या तिथवर पोचायला वेळ लागतो. चुलीमागचा कुड रोज तापूनही पेटत नाही, तो याच कारणानं. अशा घरात धोका असतो वर, गवताच्या किंवा पेंढ्याच्या छपरात, कारण तिथं लिंपण नसतं.

सारवणं कुडाचं असो की पोलादाचं, नियम एकच आहे. आग शोधते ती उघडी जागा. म्हणून लिंपण भेगाळलं की पाड्यावरची बाई पावसाळ्यानंतर ते नव्यानं करते. गिलाव्याची अशी दरवर्षीची देखभाल शहरातल्या अनेक पोलादी इमारतींच्या वाट्याला येत नाही.

गंमत म्हणजे जाड लाकूड स्वतःच स्वतःला लेप लावून घेतं. सागासारख्या घट्ट लाकडाचा खांब आगीत बाहेरून कोळसत जातो, मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर. हा कोळशाचा थर आतल्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचू देत नाही. अर्ध्या तासात प्रत्येक बाजूनं पंधरा-वीस मिलिमीटर गेले तरी वीस सेंटिमीटरच्या खांबात ताकदीचा गाभा उरतो. त्याच वेळात शेजारचा उघडा पोलादी नळ कधीच वाकलेला असतो. कोळशाच्या थरात उष्णता अडते, हे निसर्गानं दिलेलं तंत्र रसायनशास्त्रज्ञांनी उचललं आणि त्यातून पोलादासाठीचा सर्वांत चलाख लेप तयार झाला.

त्या लेपाकडे जाण्याआधी त्याच्या जुन्या भावंडांची ओळख करून घ्यायला हवी. जिप्समच्या पाट्या सर्वांच्या ओळखीच्या आहेत. ऑफिसच्या छतात त्या दिसतातच. जिप्समच्या वजनाचा सुमारे एक पंचमांश भाग हा स्फटिकात बांधलेलं पाणी असतो. आग लागली की शंभर अंशांच्या पुढे हे पाणी सुटू लागतं आणि ते संपेपर्यंत पाटीच्या मागचं तापमान फार वर चढत नाही. दुसरा प्रकार म्हणजे सिमेंट किंवा जिप्सममध्ये व्हर्मिक्युलाइट मिसळून फवारलेला खरखरीत गिलावा. व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकाच्या कुळातलं खनिज. तापवलं की त्याच्या पापुद्र्यांमधल्या पाण्याची वाफ होते, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि हलका, हवेनं भरलेला कण तयार होतो. हा गिलावा स्वस्त आहे, जाड आहे आणि दिसायला ओबडधोबड आहे, म्हणून तो बहुधा छतावरच्या पाट्यांमागे लपलेला असतो.

एके काळी अशा फवाऱ्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू घालत. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्याच्या खालच्या मजल्यांवर तोच फवारा मारला होता. त्याच्या धुळीनं फुप्फुसाचे जीवघेणे आजार होतात हे स्पष्ट झाल्यावर १९७० साली न्यूयॉर्क शहरानं त्यावर निर्बंध घातले आणि वरच्या मजल्यांसाठी दुसरं मिश्रण वापरलं गेलं. काही ठिकाणी तर खांबांतच पाणी भरून त्यांना थंड ठेवण्याची युक्ती योजली आहे. पिट्सबर्गचा यू.एस. स्टील मनोरा आणि पॅरिसचं पाँपिदू केंद्र ही तिची प्रसिद्ध उदाहरणं. पण ही वाट खर्चिक आणि मोजक्या इमारतींपुरतीच राहिली.

आता तो चलाख लेप. बांधकामाच्या जागेवर त्याला 'फायर पेंट' किंवा 'इंट्युमेसंट' म्हणतात. सुकल्यावर तो साध्या रंगासारखाच दिसतो. एखादा मिलिमीटर, कधी त्याहून कमी, कधी काही मिलिमीटर. विमानतळाच्या किंवा मॉलच्या उघड्या पोलादी खांबावरचा गुळगुळीत पांढरा थर बघताना त्याच्या पोटात काय दडलं आहे, याची कुणाला कल्पनाही येत नाही.

त्याच्यात तीन रसायनं पाळी लावून काम करतात. पहिलं अमोनियम पॉलिफॉस्फेट. २०० ते २५० अंशांच्या आसपास ते विघटित होऊन फॉस्फरिक कुळातलं आम्ल सोडतं. दुसरं पेंटाएरिथ्रिटॉल, कार्बननं समृद्ध असा अल्कोहोल. आम्ल त्यातलं पाणी काढून घेतं आणि मागे कोळसा राहतो. तिसरं मेलामाइन. ते तापल्यावर वायू सोडतं. याच वेळी रंगातली बंधक राळ मऊ झालेली असते, त्यामुळे वायूचे बुडबुडे निसटून न जाता कोळशाच्या लगद्यात अडकतात. तव्यावरची भाकरी आतल्या वाफेनं टम्म फुगते, तसाच हा थर फुगतो. फरक इतकाच की भाकरीची हवा निघून जाते आणि हा फुगा तसाच घट्ट होऊन बसतो. एका मिलिमीटरचा थर पन्नास पटींपर्यंत फुगू शकतो. त्यातला टायटॅनियम डायऑक्साइड फॉस्फेटशी संयोग पावून पांढरा, चिनी मातीसारखा टणक सांगाडा बनवतो, म्हणून कोळसा जळून गेल्यावरही फेस लगेच कोसळत नाही. बाहेर आठशे अंश, मध्ये चार-पाच सेंटिमीटर स्पंजासारखा काळा-पांढरा फेस, आणि आत पोलाद अजून धोक्याच्या रेषेखाली.

तीनही क्रियांची वेळ जुळणं, यातच सगळं कौशल्य आहे. राळ मऊ होण्याआधी वायू सुटला तर तो उडून जातो. उशिरा सुटला तर कोळसा आधीच घट्ट होऊन फुगत नाही. फेस फार नाजूक झाला तर आगीच्या वाऱ्यानं गळून पडतो. म्हणून एखादा नवा रंग बाजारात येण्याआधी भट्टीत कितीतरी वेगवेगळ्या आकारांचे खांब आणि तुळया जाळून बघाव्या लागतात, आणि त्यातून कुठल्या छेदाला कुठल्या मुदतीसाठी किती मिलिमीटर थर, याचं कोष्टक तयार होतं. भारतात अशा अग्निचाचण्यांचं काम रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत वर्षानुवर्षं चालत आलं आहे.

सगळ्या आगी मात्र सारख्या नसतात. कागद, लाकूड, कापड यांची आग प्रमाण भट्टीच्या वक्राजवळून जाते. तेल किंवा वायू पेटला की तापमान पाचच मिनिटांत नऊशेच्या पुढे जातं आणि अर्ध्या तासात अकराशेला भिडतं. वायूचा झोत दाबाखाली फुटून पेटला, तर तो उष्णतेबरोबर लेप खरवडूनही काढतो. तिथं पातळ पांढरा रंग टिकत नाही. त्यासाठी इपॉक्सीचा जाड लेप लागतो. तो फुगतो कमी, पण घट्ट असतो, आत जाळी बसवून अधिक बळकट करता येतो आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत, कोकणच्या पावसातही टिकतो.

४ जानेवारी १९६६ रोजी फ्रान्समधल्या फेझां इथल्या तेल शुद्धीकरण कारखान्यात द्रवरूप वायूच्या गोल टाक्यांना आग लागली, १८ जण गेले. काही टाक्या त्यांचे पोलादी पाय वाकून आडव्या झाल्या, कारण पायांवरचं संरक्षण अपुरं होतं. टाकी कितीही भक्कम असो, ती उभी असते पायांवर. ६ जुलै १९८८ रोजी ब्रिटनच्या उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं मेली. तिथंही आगीत तापलेले वायूचे नळ फुटत गेले आणि सांगाडा समुद्रात गेला. त्यानंतर जगभर नळांवर आणि आधारांवर लेप देण्याचे नियम कडक झाले. भारतातल्या तेल उद्योगाच्या सुरक्षेसाठी १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ओआयएसडीनं पोलादी आधारांच्या अग्निसंरक्षणासाठी स्वतंत्र मानक, क्रमांक १६४, काढलं आहे.

मुंबई हायच्या घटनेकडे या प्रकाशात बघताना एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. नळांवर उत्तम लेप असता तरी किलोमीटरच्या किलोमीटर लांब नळीतला वायू आगीला जळण पुरवत राहिला असता. लेपाचं काम आग विझवणं नाही. शेजारचे नळ फुटण्याआधी झडपा बंद व्हाव्यात, माणसं बोटींपर्यंत पोचावीत, एवढी मिनिटं तो मिळवून देतो. झडपा, सुटकेचे मार्ग आणि लेप या तीन गोष्टी एकमेकींच्या आधारानंच उपयोगी पडतात.

लेप कुठे असतो आणि कुठे नसतो, यानं काय फरक पडतो हे माद्रिदच्या विंडसर मनोऱ्यानं एका रात्रीत दाखवलं. १२ फेब्रुवारी २००५ च्या रात्री त्या ३२ मजली इमारतीला एकविसाव्या मजल्यावर आग लागली. इमारतीचं नूतनीकरण चालू होतं. बाहेरच्या कडेच्या पोलादी खांबांना पूर्वी संरक्षण नव्हतं आणि ते खालून वर असं दिलं जात होतं. आग लागली तेव्हा काम सतराव्या मजल्याच्या खालपर्यंत पोचलं होतं, फक्त नववा आणि पंधरावा मजला राहिला होता. सतराव्या मजल्याच्या वरचे उघडे खांब वाकले आणि कडेचा भाग मजल्यामागून मजला कोसळत गेला. खालच्या मजल्यांवरही आग पसरली, पण लेप दिलेले खांब उभे राहिले. नवव्या मजल्यावरचे उघडे खांब वाकले, तेव्हा वरच्या-खालच्या संरक्षित भागानं त्यांचा भार वाटून घेतला. जीवितहानी झाली नाही. एकच इमारत, एकच आग, एकच पोलाद. निकाल ठरला तो लेपावर.

उंच छताच्या मोठ्या शेडबद्दल एक गैरसमज फार जुना आहे. आग जमिनीवर, छत उंच, मग वरच्या कैच्यांना काय होणार? १९६० साली उघडलेल्या शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्रात याच विचारानं छताच्या पोलादी कैच्या उघड्या ठेवल्या होत्या. १६ जानेवारी १९६७ च्या पहाटे तिथल्या दुकानांच्या लाकडी-प्लास्टिकच्या सजावटीनं पेट घेतला आणि ते विशाल छत खाली आलं. गरम वायू वरच जमतात, हे विसरलं गेलं होतं.

ही गोष्ट पोशेऱ्याला दूरची नाही. दिवाळीनंतर भात-नागलीची कापणी उरकली की मोखाडा-जव्हारमधली कितीतरी कुटुंबं जगायला बाहेर पडतात. भिवंडी, वसई, ठाणे इथल्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर. मुंबईच्या उंबरठ्यावरच्या गोदामांच्या या पट्ट्यात मैलोन्‌मैल पोलादी शेड उभ्या आहेत. पातळ पत्र्याच्या आकारांनी बनवलेल्या तयार सांगाड्यांच्या, झटपट उभ्या राहणाऱ्या. आत पुठ्ठा, कापड, प्लास्टिक, रसायनं छतापर्यंत रचलेली. पातळ छेद सर्वांत लवकर तापतो आणि अशा सांगाड्यावर बहुधा गंजविरोधी रंगाखेरीज काही नसतं. पालघर जिल्ह्यातच तारापूर-बोईसरची रासायनिक वसाहत आहे, जिथं नळांचे पोलादी मांडव कारखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. अशा छताखाली काम करणाऱ्यानं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आग लागली आणि सांगाडा उघडा असेल, तर त्याच्यापाशी दहा-पंधरा मिनिटांहून जास्त वेळ नाही. वरची कैची लवताना दिसली किंवा कर्कश आवाज येऊ लागले, तर सामान वाचवायला मागे वळण्याची वेळ निघून गेलेली असते.

ही मिनिटं अग्निशमन जवानांचीही असतात. ९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीत गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, महेंद्र देसाई आणि संजय राणे या चार अधिकाऱ्यांचा त्यात बळी गेला. पोलादी असो वा जुन्या पद्धतीची, इमारत किती वेळ उभी राहणार हे आत शिरणाऱ्या माणसाला ठाऊक नसतं. सांगाड्याला एक किंवा दोन तासांची हमी असली, तर आत शिरण्याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.

लेपाची हमी मात्र कागदावर मिळत नाही, ती हातानं लावावी लागते. पोलादावरचा गंज आणि खपल्या वाळूसारख्या कणांच्या फवाऱ्यानं, ज्याला कामगार ब्लास्टिंग म्हणतात, साफ कराव्या लागतात. मग प्रायमर, मग मुख्य लेप, मग वरचा संरक्षक रंग. प्रायमर आणि लेप एकमेकांना मानवणारे नसतील, तर आगीत सगळा थर खपलीसारखा सुटून पडतो. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा पोलाद दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम नसेल, तर काम थांबवायचं असतं. सह्याद्रीच्या या उतारावर जून ते सप्टेंबर काम करता येईल असे दिवस मोजकेच मिळतात. वरचा रंग राहून गेला आणि ओल आत शिरली, तर अमोनियम पॉलिफॉस्फेट हळूहळू झिरपून जातं. लेप दिसायला शाबूत राहतो, पण आगीत फुगत नाही. जाड गिलाव्याची वेगळी तक्रार असते. भेगांतून पाणी आत गेलं तर त्याच्यामागे पोलाद गुपचूप गंजत राहतं.

ओला थर कंगव्यासारख्या पट्टीनं आणि सुकलेला थर चुंबकीय यंत्रानं मोजतात. सुकलेल्या थराच्या या जाडीला डीएफटी म्हणतात आणि जागेवर 'डीएफटी किती आला?' हा प्रश्न दिवसातून अनेकदा कानावर पडतो. एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. कोपरे, जोड, बोल्टची डोकी आणि तुळईच्या वरच्या बाजूची अरुंद फट, जिथं फवारा पोचत नाही, तिथं मुद्दाम मोजायचं असतं. उघडी राहिलेली जागा किती महाग पडते, हे वर्ल्ड ट्रेड सेंटरनं दाखवलं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेनं केलेल्या चौकशीत दिसून आलं, की विमानांच्या धडकेनं गिलावा उडाला आणि उघडं पडलेलं पोलाद पुढच्या आगीत टिकलं नाही.

आपल्या इमारतींवर सहसा विमानं आदळत नाहीत. इथं लेप उडवते ती ड्रिल मशीन. इमारत ताब्यात मिळाल्यावर वायरवाला येतो, एसीवाला येतो, जाहिरातीची पाटी लावणारा येतो, आणि प्रत्येक जण खांबावर क्लॅम्प बसवण्यासाठी तळहाताएवढा लेप खरवडून जातो. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये अग्निसुरक्षेसाठी चौथा भाग राखून ठेवलेला आहे, आणि महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार मालकानं दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घ्यायचं असतं. त्या सहामाही फेरीतच पंप आणि फवारे यांच्याबरोबर पोलादाचे खांबही बघावेत. त्यासाठी मालकाकडे एक फाइल असायला हवी. कुठला लेप, कुठल्या कंपनीचा, किती मिनिटांसाठी, कुठल्या खांबावर किती मिलिमीटर, कधी लावला. नवा माणूस भोक पाडायला आला की त्याला ती दाखवायची, आणि काम संपल्यावर त्याच लेपानं, त्याच जाडीनं ती जागा भरून घेऊन तारखेसह फाइलमध्ये नोंद करायची.